कापडी टप की कडक टप? उघडणाऱ्या गाडीचं छत निवडताना

मे महिन्यातली दुपार. आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो आणि दहा मिनिटांत सिंहगड रस्त्यावर वळीव कोसळतो. गाडी ऑफिसबाहेर उघड्यावर उभी, मालक तिसऱ्या मजल्यावर. पुण्यात टप उघडणारी गाडी घ्यायची असेल तर छताची निवड ही दहा मिनिटं डोळ्यांसमोर ठेवून करावी. गुलाबी थंडीत मुळशीच्या रस्त्याने टप उघडून जायचं चित्र सगळ्यांच्याच मनात असतं. पण गाडी दिवसाचे बावीस-तेवीस तास नुसती उभी असते आणि छताचं आयुष्य ठरतं ते त्याच तासांत.

२०२० मध्ये नवी थार आली आणि हा प्रश्न एकदम घराघरांत पोहोचला. त्याआधी तो मिनी, बीएमडब्ल्यू झेड४, मर्सिडीज एसएलके अशा महागड्या गाड्यांपुरता होता. आता त्या गाड्याही सेकंडहँड बाजारात येतात आणि घेणारा गोंधळतो. एक जण सांगतो, ‘डोळे झाकून हार्ड टॉप घ्या, कटकट नाही.’ दुसरा म्हणतो, ‘मग उघडणारी गाडी घेताच कशाला?’ दोघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ‘तुमची गाडी रात्री कुठे उभी राहते?’ हे दोघांपैकी एकही विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी नावं नीट लावून घेऊ

सॉफ्ट टॉप म्हणजे लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या कमानींवर ताणून बसवलेलं कापडी छत. आपल्या रिक्षाचं हूड हा त्याचाच सख्खा भाऊ. सांगाडा, वर रेक्झिन, मागे प्लॅस्टिकची खिडकी. रिक्षाचं हूड कुठे फाटतं आणि कुठे ठिबकतं हे ज्याने पाहिलंय, त्याला कापडी छताची निम्मी गोष्ट आधीच माहीत आहे.

हार्ड टॉप या एकाच नावाखाली मात्र तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि फसगत होते ती इथेच.

पहिला प्रकार बोल्टने कसलेल्या कडक टपाचा. थारचं हार्ड टॉप या जातीचं. ते हवं तेव्हा काढायचं आणि घालायचं यासाठी बनवलेलंच नाही. व्यवहारात ही बंद गाडीच, आणि बंद गाडी म्हणून ती चांगली आहे. दुसरा प्रकार सुट्या तुकड्यांचा. जीप रँग्लर २०२१ पासून आपल्या रांजणगावातच जोडली जाते. तिच्या कडक छताचे पुढचे दोन तुकडे लॅच फिरवून हातांनी काढता येतात, मागचं मोठं कवच बोल्ट काढून उचलावं लागतं. तिसरा प्रकार घडीच्या कडक छताचा. बटण दाबलं की पत्र्याच्या छताचे दोन किंवा तीन भाग होतात आणि ते डिकीत जाऊन बसतात. एसएलके आणि २००९ ते २०१६ या काळातली झेड४ या जातीच्या.

कापडी टपातही एक फरक विचारून घ्या. सुरुवातीच्या काही थारमध्ये कापडी असूनही न उघडणारं छत होतं. ‘सॉफ्ट टॉप’ एवढ्या शब्दावर व्यवहार ठरवू नका. टप उघडतं का, किती उघडतं आणि हाताने की बटणाने, हे समोर उघडून दाखवायला सांगा.

कापड म्हणजे कोणतं कापड?

कापडी छतांत दोन कुळं आहेत. एक रेक्झिनचं, म्हणजे विणलेल्या कापडावर प्लॅस्टिकचा थर. पाण्याला पक्कं, धुवायला सोपं, स्वस्त. पण त्या प्लॅस्टिकला मऊ ठेवणारं रसायन उन्हाने हळूहळू उडून जातं. मग छत कडक होतं आणि जिथे रोज घडी पडते तिथे आधी बारीक रेघ, मग चीर दिसते. जुन्या सोफ्याचं रेक्झिन बसायच्या जागी फुटतं, त्याचंही कारण हेच.

दुसरं कुळ तीन थरांच्या कापडाचं. वर अ‍ॅक्रिलिकचं विणकाम, मध्ये रबराचा पातळ थर, आतून पुन्हा कापड. पाणी अडवतो तो मधला रबर. वरचं कापड ऊन झेलतं. त्याचा रंग धाग्यातच मुरवलेला असल्यामुळे तो लवकर विटत नाही. महागड्या गाड्यांत याच्याखाली जाड गादीसारखा थर आणि खाली आतलं अस्तर असतं. म्हणून ‘कापडी छत’ म्हटल्यावर थार आणि मिनी एकाच पारड्यात टाकू नयेत. दोन्ही कापडीच, पण एक चादर आणि दुसरी गोधडी.

सगळ्यात आधी म्हातारी होते ती मागची खिडकी. ती काचेची असेल आणि काचेत धुकं घालवणाऱ्या तारा असतील तर उत्तम. पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर उघड्यावर उभ्या गाडीत दोन-तीन उन्हाळ्यांत ती पिवळट आणि धुरकट होते. कोरड्या फडक्याने पुसणं हा तिच्यावरचा सगळ्यात मोठा अत्याचार. नगर रस्त्यावरची धूळ त्या प्लॅस्टिकवर पॉलिश पेपरसारखी फिरते. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्या, मग ओल्या सुती कपड्याने हलकेच पुसा. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रव, थिनर, पेट्रोल यातलं काहीही लावू नका. टप उघडताना खिडकीची घडी पडणार असेल तर मध्ये जुना मऊ पंचा ठेवा. डिसेंबरच्या पहाटे, थंडीने प्लॅस्टिक ताठलेलं असताना, घडी घालूच नका. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा आणि मग उघडा.

पाणी नेमकं शिरतं कुठून?

लोकांना वाटतं कापड झिरपतं. धड अवस्थेतलं कापड क्वचितच झिरपतं. पाणी शिरायच्या जागा तीन आहेत: शिवण, रबर आणि पन्हळ. यातल्या शेवटच्या दोन कडक छतालाही असतात. म्हणून ‘हार्ड टॉप गळत नाही’ हे वाक्य जपून ऐकावं.

शिवणीचं आधी. सुई गेली तिथे भोक पडलं. कारखान्यात शिवण आतून पट्टी लावून किंवा लेप देऊन बंद करतात. कापडाआधी दोरा कुजतो, कारण ऊन थेट त्याच्यावर पडतं. पॉलिएस्टरचा साधा दोरा काही वर्षांत हाताने तुटायला लागतो, तेव्हा कापड मात्र ठणठणीत असतं. अशा वेळी अख्खं छत बदलायची गरज नाही. चांगल्या हूडवाल्याकडे जुन्याच भोकांतून पुन्हा टाके घालून घ्यावेत आणि आतून शिवणीला लेप द्यावा. नवी भोकं पाडू द्यायची नाहीत, हे त्याला आधीच बजावा. दोरा उन्हाला टिकणारा, बाहेरच्या वापरासाठीचाच घ्या. सीट कव्हरचा दोरा छताला चालत नाही.

दुसरी जागा रबराची, म्हणजे गॅरेजवाले जिला बीडिंग म्हणतात ती. कुकरची रिंग जुनी झाली की झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते, तसंच हे. रबर कोरडं पडतं, चेपतं आणि काच व छत यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. शोधायची युक्ती सोपी आहे. साध्या कागदाची दोन सेंटिमीटर रुंद पट्टी रबरावर ठेवून दार किंवा टप बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत आली तर रबर दाब धरतंय. लोण्यातून सुरी निघावी तशी आली तर फट तिथेच आहे. असं हातभर अंतरावर करत कडेने सगळीकडे फिरा. कापडी टपात अशी फट बहुधा पुढच्या काचेच्या वरच्या दोन टोकांना सापडते.

रबराला वर्षातून दोनदा, वळवाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, आधी ओल्या फडक्याने पुसून मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. घरातलं व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल चोळू नका. पेट्रोलियमजन्य पदार्थांनी अशी रबरं फुगतात आणि पुढे मऊ पडून तुटतात. आणि हेच सिलिकॉन कापडावर मात्र जाऊ देऊ नका, तिथे डाग धरतो.

तिसरी जागा पन्हळीची. सर्वांत जास्त नुकसान हीच करते, तरी तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मिनी किंवा झेड४ सारख्या गाडीत छताची कड आणि बॉडी यांच्यामधून थोडं पाणी आत येणं गृहीतच धरलेलं असतं. ते एका चरात जमतं आणि नळ्यांतून चाकाजवळ किंवा दाराखाली बाहेर पडतं. आपल्या गच्चीचंच उदाहरण घ्या. स्लॅब चांगला असतो, पण पन्हळीच्या तोंडाशी पाला अडकतो, गच्चीत चार बोटं पाणी साचतं आणि खालच्या घरात ओल येते. दोष मात्र स्लॅबला दिला जातो. गणेशखिंड रस्त्यासारख्या झाडांच्या रस्त्यावर महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत फुलांच्या पाकळ्या, शेंगांचा चुरा आणि धूळ मिळून नळीच्या तोंडाशी लगदा होतो. मग पाणी उलटं फिरून गालिच्याखाली जातं. तिथे जाड स्पंज असतो, वर हात लावला तर कोरडं लागतं आणि खाली आठवडे पाणी मुरत असतं. अनेक गाड्यांत तारांचे जोड आणि कंट्रोल युनिट नेमके त्याच पातळीला असतात. छत गळल्याचं बिल शेवटी इलेक्ट्रिकच्या कामाचं होतं ते असं.

तपासणी पाच मिनिटांची आहे. टप अर्धवट उघडून चर दिसेल असं ठेवा आणि तांब्याने अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. गाडीखाली त्या बाजूला धार पडायला हवी. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या यंत्रात वापरतात तशी नायलॉनची दोरी वरून हळूहळू ढकला. सायकलच्या ब्रेकची तार टोचते, ती नको. हवेचा जोरदार झोतही नको, कारण आतल्या आत नळी जोडातून निसटली की पाणी कायमचं गाडीत उतरतं आणि ते शोधायला अर्धी गाडी खोलावी लागते. एप्रिलअखेर एकदा आणि पावसाळ्यात दर महिन्याला एकदा एवढं केलंत, तरी निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

ओलं छत, बंद छत

भिजलेली छत्री पिशवीत कोंबून दोन दिवस विसरली की तिला कसा वास येतो! कापडी छताचं अगदी तसंच होतं. ओलं असताना टप घडी करून ठेवू नका. नाइलाजाने करावंच लागलं तर घरी पोहोचताच वर करून पंख्याखाली किंवा वाऱ्यात वाळवा. एका रात्रीत बुरशी धरेलच असं नाही, पण जुलैच्या दमट हवेत दोन-तीन दिवस पुरतात आणि एकदा काळे ठिपके आले की ते पूर्ण जात नाहीत. ओल्या छतावर प्लॅस्टिकचं कव्हर घालणं हाही तोच गुन्हा. कव्हर हवा खेळती ठेवणारं असावं, आणि वाऱ्यात ते फडफडत असेल तर खालची धूळ कापड घासून काढते हेही लक्षात ठेवा.

धुताना मऊ ब्रश आणि गाडीचा सौम्य शाम्पू वापरा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप हातभर लांब धरायला सांगा आणि शिवणीवर व कडांवर थेट मारू देऊ नका. कबुतरांची विष्ठा हा पुण्यातल्या सोसायट्यांचा रोजचा प्रश्न आहे. ती वाळल्यावर खरवडू नका. ओलं फडकं दहा मिनिटं तिच्यावर ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. वर्षातून दोनदा, छत धुऊन पूर्ण वाळल्यावर, पाणी झटकणारा कापडासाठीचा लेप मारा. पाणी छतावर मोत्यांसारखं न थांबता कापड काळपट ओलं दिसू लागलं, की लेप संपला असं समजा.

कडक छताची दुखणी वेगळी

बोल्टवाल्या कडक टपाला फार काही मागणी नसते. रबर आणि बोल्ट बघा, बस्स. फायबरचं कवच असेल तर बोल्ट जोर लावून आवळू नका, भोकाभोवती तडा जातो.

सुट्या तुकड्यांच्या छताचा प्रश्न जागेचा आहे. रँग्लरचं मागचं कवच उचलायला किमान दोन माणसं लागतात. मागच्या वायपरची आणि काच तापवणाऱ्या तारांची जोडणी, शिवाय पाण्याची नळी, हे सगळं आधी सोडवावं लागतं. विसरलात तर उचलताना तुटतं. काढलेलं कवच ठेवणार कुठे? कोथरूडच्या सोसायटीत एका गाडीपुरती जागा मिळते, त्यात टेबलाएवढं कवच भिंतीला टेकवून ठेवलं तर ते वाकतं आणि शेजारीही बोलतात. बंगला किंवा स्वतःचं गॅरेज नसेल तर पुढचे दोन तुकडे काढण्यापुरतीच उघडी गाडी मिळणार आहे, असं मनाशी ठरवूनच ती घ्या.

घडीचं कडक छत बंद असताना सगळ्यात सुखाचं आणि बिघडलं की सगळ्यात खर्चाचं. त्यात पंप, तेलाच्या नळ्या, सिलिंडर, कुलपं आणि प्रत्येक हालचाल पूर्ण झाली का हे सांगणारे छोटे स्विच असतात. एका स्विचने ‘झालं’ असा निरोप दिला नाही, की पुढची हालचाल होतच नाही आणि छत अर्ध्यात उभं राहतं. अनेकदा कारण क्षुल्लक निघतं: बॅटरी उतरलेली, किंवा डिकीतला पडदा जागेवर ओढलेला नाही. तो पडदा म्हणजे ‘छत इथे बसणार, यापलीकडे सामान नको’ ही खूण. तो लागलेला नसेल तर गाडी छत हलवत नाही. गॅरेज गाठण्याआधी एवढं बघून घ्या. इंजिन चालू ठेवून छत उघडा म्हणजे बॅटरीवर ताण येत नाही.

आणखी एक माप घ्यायला लोक विसरतात. घडीचं छत उघडताना आधी वर उचललं जातं आणि डिकीचं झाकण मागे सरकतं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये वर तुळई आणि मागे भिंत असते. गाडीच्या माहितीपुस्तकात छत उघडतानाची सर्वाधिक उंची दिलेली असते. टेप घेऊन तुळईच्या खालच्या कडेपर्यंत आणि पाण्याच्या पाइपापर्यंत मोजा. पाइप बहुधा तुळईपेक्षा खाली असतो.

आवाज आणि ऊन

आवाज अडवायला वजन लागतं. पातळ दारातून शेजारचा टीव्ही ऐकू येतो, भिंतीतून येत नाही. एका थराचं कापड ही फारच पातळ भिंत. द्रुतगती मार्गावर ८०-१०० च्या वेगाला ते वाऱ्याने फडफडतं आणि नव्या कात्रज बोगद्यात शेजारून ट्रक गेला की बोलणं थांबवावं लागतं. गादीवालं जाड छत याबाबत बरंच पुढे गेलं आहे, तरी घडीच्या पत्र्याची बरोबरी करत नाही. उलट अस्तर नसलेल्या कडक टपावर पाऊस पत्र्याच्या शेडसारखा वाजतो. त्याला आतून अस्तराचा संच बसवला की मोठा फरक पडतो.

उन्हाचंही असंच. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एका थराच्या काळ्या छताखाली एसी जोर लावत राहतो आणि डोकं तरी तापतंच. इथे कापड की पत्रा यापेक्षा मधला थर किती जाड हे महत्त्वाचं. रंगाची निवड मिळत असेल तर काळ्याऐवजी फिका तपकिरी घ्या. धूळ दिसेल, पण तापणार कमी.

गाडी उलटली तर कडक छत वाचवेल का?

हा गैरसमज जिवाशी आहे, म्हणून नीट समजून घ्यायला हवा. काड्यापेटीचं बाहेरचं आवरण हातात घेऊन पिळून बघा, ते सहज पिळलं जात नाही. आतला उघडा ट्रे लगेच वाकडा होतो. साध्या गाडीचं वेल्ड केलेलं छत म्हणजे ते आवरण. उघड्या गाडीत ते नसतं, म्हणून खालचा तळ, दारांखालचे पट्टे आणि पुढच्या काचेची चौकट जादा पोलाद घालून भक्कम केलेली असते. वर बसवलेलं काढता येणारं छत, मग ते कापडी असो की कडक, त्या ट्रेवर ठेवलेलं झाकण आहे. ते गाडीच्या सांगाड्याचा भाग नाही.

उलटल्यावर भार पेलतात ते रोल बार. थारमध्ये माणसांच्या डोक्यावरून जाणारा नळ्यांचा पिंजरा आहे. लहान स्पोर्ट्स गाड्यांत सीटच्या मागे कमानी असतात, काहींत त्या संकट ओळखून क्षणात वर येतात. छत निवडताना सुरक्षेचा हिशेब करायचा असेल तर तो या नळ्यांचा आणि सीट बेल्टचा करा. टप उघडं असताना मागे बसलेल्यानेही बेल्ट लावलाच पाहिजे. सीटवर उभं राहून फोटो काढायचा मोह ताम्हिणीत अनेकांना होतो. अशा वेळी एका जोराच्या ब्रेकला माणूस बाहेर फेकला जातो.

कापड म्हणजे चोराला आयतंच की!

भीती रास्त आहे. खिशातल्या कटरने कापड फाटतं, आणि आतून निघालेल्या दोन हजारांच्या वस्तूपेक्षा छताचं बिल कित्येक पटींनी मोठं असतं. म्हणून गाडीत काहीही दिसेल असं ठेवायचं नाही, रिकामी बॅगसुद्धा नाही.

विमा इथे मदत करतो, पण त्यातली मेख माहीत हवी. स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर कुणी मुद्दाम फाडलेलं छत दाव्यात बसतं. उन्हाने जुनं होऊन फाटलेलं बसत नाही. शिवाय दावा मंजूर झाला तरी बदललेल्या भागांच्या किमतीतून घसारा वजा होतो. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांना ५० टक्के, फायबर ग्लासला ३० टक्के, काचेला शून्य आणि धातूच्या भागांना गाडीच्या वयानुसार. म्हणजे छत कशाचं आहे यावर तुमच्या खिशातून जाणारी रक्कम बदलते. ‘माझं कापडी छत तुम्ही कोणत्या गटात धरणार?’ हे पॉलिसी घेतानाच लेखी विचारा आणि कापडी टप असेल तर घसारा न कापणारं जादा संरक्षण पहिल्या वर्षापासून घ्या.

आत्ता कापडी घेऊ, नंतर बाहेरून हार्ड टॉप बसवू

हा बेत घाईने करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२व्या कलमानुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ बनावटीत फेरफार करण्याबद्दल कडक भूमिका घेतली. बाजारात बनवलेलं फायबरचं टप चढवायचं असेल तर आधी आपल्या आरटीओत, एमएच १२ असो की १४, लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. अपघातानंतर ‘गाडीत न कळवलेला बदल होता’ हा मुद्दा उभा राहिला की दावा अडतो. शिवाय बाहेरचं टप मूळ बोल्टांच्या जागी तंतोतंत बसेलच असं नाही. मिलिमीटरची फट पुरते, पावसाळा ती शोधून काढतोच. हार्ड टॉप हवं असेल तर कंपनीने बसवलेलंच घ्या.

मग मोठ्या कंपन्या कापडाकडे परत का वळल्या?

घडीचं पत्र्याचं छत नवं नाही. फोर्डने १९५७ मध्ये स्कायलायनर गाडीत ते दिलं होतं. १९९६ च्या एसएलकेने त्याची लाट आणली. तरीही २०२१ मध्ये मर्सिडीजने आपली मानाची एसएल नव्याने आणली ती कापडी छताची, आणि त्यातून २१ किलो वजन वाचल्याचं सांगितलं. वजन वाचतं ते गाडीच्या सर्वांत उंच जागेचं, म्हणून वळणावर गाडी कमी झुकते.

दुसरं कारण डिकी. झेड४ चं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. पत्र्याच्या छताची जुनी झेड४ बंद असताना ३१० लिटर सामान घ्यायची, उघडल्यावर १८०. नंतरची कापडी झेड४ छत कसंही असो, २८१ लिटर घेते आणि तिचं छत साधारण १० सेकंदांत, ५० किलोमीटरच्या वेगापर्यंत चालत्या गाडीतही उघडतं. महाबळेश्वरला दोघांच्या बॅगा घेऊन टप उघडून जायचं असेल तर हा फरक रोजचा आहे. चालत्या गाडीत बंद होणारं छत वळवाच्या गावात किती उपयोगी, हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात कुणी काय घ्यावं

गाडी रात्रंदिवस रस्त्याकडेला किंवा झाडाखाली उभी राहणार असेल तर कडक टप घ्या, आणि उघडायची हौस पुरवायची असेल तर सुट्या तुकड्यांचा पर्याय बघा. डोक्यावर छप्पर असलेलं पार्किंग घरी आणि ऑफिसलाही असेल तर जाड, थरांचं कापडी छत बिनधास्त घ्या. घरी छप्पर आणि ऑफिसला ऊन अशी अर्धी सोय असेल तर एका थराच्या कापडापासून दूर राहिलेलं बरं. महिन्यातून चार वेळा ताम्हिणी, वरंधला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की शहरात वर्षाला साधारण ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट. पुण्यात न गळलेली गाडी तिथे पहिल्याच शनिवारी गळू शकते.

उघडायचे दिवसही प्रामाणिकपणे मोजा. पावसाळ्यात नाही, एप्रिल-मेच्या दुपारी नाही. उरतात ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळ-संध्याकाळ. तेवढ्यासाठी कापडाची देखभाल आनंदाने करणार असाल तर कापडी टपासारखं सुख नाही. देखभाल जमणार नसेल तर बंद गाडी घेऊन खिडक्या उघडाव्यात, त्यात काहीही कमीपणा नाही.

सेकंडहँड गाडी बघायला जाताना

खिशात विजेरी आणि वर्तमानपत्र ठेवा. दार उघडताच आधी वास घ्या. कुबट वास अत्तराच्या डबीखाली झाकलेला असतो, म्हणून डबी बाहेर ठेवून पाच मिनिटं गाडी बंद करा आणि पुन्हा आत शिरा. सीटच्या मागचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालच्या स्पंजवर कागद दाबा. कापडी छताची मागची काच कडेने सुटत चालली आहे का ते बोट फिरवून बघा, काच कापडाला फक्त चिकटवलेली असते. डिकीच्या दोन्ही कोपऱ्यांत तेलकट ओघळ दिसला तर तो छताच्या पंपाचा किंवा सिलिंडरचा.

छत सलग तीनदा उघडा आणि बंद करा. पहिल्यांदा चालतं आणि तिसऱ्यांदा मंदावतं, अशी गाडी पुष्कळदा सापडते. शेवटी पाइपाने, जोर न लावता, पाणी सोडा. आधी दारांच्या खालच्या कडेला, मग काचेला, मग छताला, प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कोणत्या सांध्यातून शिरलं ते कळत नाही. एक जण आत विजेरी घेऊन बसलेला हवा. आणि निघण्याआधी विकणाऱ्याला विचारा, छत अर्ध्यात अडकलं तर हाताने बंद कसं करायचं. माहितीपुस्तकात ती कृती असते, त्यासाठी लागणारी चावी गाडीच्या हत्यारांत असते. ती चावी जागेवर आहे का, हे स्वतः डिकी उघडून बघा.